खांद्याची ‘नस’ जोडण्याचं ऑपरेशन: आधी काय करायचं, नंतर काय टाळायचं

केळीचा घड उचलताना खांद्यात कट्‌कन आवाज झाला, किंवा बांधावरून पाय घसरला आणि पडताना हातावर भार आला. दुसऱ्या दिवसापासून हात वर जाईना. गावात याला ‘नस तुटली’ म्हणतात. तुटते ती नस नसते, स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा चिवट पट्टा, म्हणजे टेंडन तुटतो. खांद्याच्या गोळ्याभोवती चार स्नायूंचे असे पट्टे मिळून टोपी तयार होते. रिपोर्टवर ‘रोटेटर कफ टिअर’ लिहिलेलं असतं ते या टोपीबद्दल. बहुतेक वेळा वरचा पट्टा, सुप्रास्पायनेटस, फाटलेला असतो.

आधी ऑपरेशन लागतं का ते बघा

घरच्या माणसाला तुमचा हात हळूच वर न्यायला सांगा. त्याच्या हातानेही तो वर जात नसेल, तर खांदा जाम झालेला (फ्रोझन शोल्डर) असण्याची शक्यता जास्त. त्याच्या हाताने वर जातो, पण सोडला की धरून ठेवता येत नाही, तर पट्टा फाटल्याची शंका घ्यावी. हा फक्त अंदाज झाला. नक्की काय ते तपासणी आणि एमआरआय किंवा सोनोग्राफीवरच ठरतं.

अर्धवट फाटलेला किंवा वयोमानाने झिजलेला पट्टा अनेकदा तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीने ऑपरेशनशिवाय सुसह्य होतो. पडल्यावर अचानक पूर्ण तुटलेला असेल तर मात्र वाट बघू नका. महिने गेले की स्नायू मागे आखडत जातो, त्यात चरबी भरते आणि मग तो ओढून हाडापर्यंत आणणं अवघड होतं. अशा वेळी हाडवैद्याकडे जाऊन खांदा ओढून घेणं सगळ्यात महागात पडतं. अर्धा फाटलेला पट्टा त्या एका हिसक्यात पूर्ण फाटू शकतो.

तारीख ठरवताना शेतीचं वेळापत्रक समोर ठेवा

जड कामाला किमान सहा महिने हात मिळणार नाही, त्या हिशेबाने तारीख घ्या. आपल्याकडे कापसाची वेचणी उरकल्यावरचा जानेवारी बरा. हात गळ्यात अडकवायची पट्टी मार्चपर्यंत निघते, भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात काखेत घामाची आग होत नाही आणि जूनच्या पेरणीला बांधावर उभं राहून काम करून घेता येतं. युरियाची ४५ किलोची गोणी मात्र तेव्हाही दुसऱ्यानेच उचलायची. ताज्या पूर्ण फाटीत मात्र हंगाम बघू नये.

तोपर्यंत साखर आवाक्यात आणा. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ८ च्या वर असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात, कारण जंतुसंसर्ग आणि आखडणं दोन्ही वाढतं. बिडी, तंबाखू, मशेरी ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद करा आणि नंतर तीन महिने तरी बंदच ठेवा. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळातच कमी रक्त मिळणारा हा पट्टा हाडाला नीट धरत नाही. गेल्या तीन महिन्यांत खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. काखेतले केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक चिरांतून जंतू शिरतात. सरकारी योजनेतून करायचं असेल तर भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जाऊन हे ऑपरेशन यादीत बसतं का ते विचारून घ्या.

ऑपरेशनचा दिवस

बहुधा दुर्बिणीतून होतं. तीन-चार लहान छिद्रं, साधारण एक ते दोन तास. हाडात छोटे स्क्रूसारखे अँकर बसवून त्यांच्या दोऱ्यांनी पट्टा हाडावर दाबून बांधतात. आत सलाइन खेळवत असल्याने बाहेर आल्यावर खांदा टम्म सुजलेला दिसतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांत ड्रेसिंग गुलाबी पाण्याने भिजतं. ते चालायचंच.

पूर्ण भुलीबरोबर मानेजवळ ब्लॉक, म्हणजे हाताच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन देतात. बारा ते चोवीस तास हात लाकडासारखा बधिर राहतो. काहींची त्या बाजूची पापणी खाली येते, आवाज घोगरा होतो, श्वास थोडा अपुरा वाटतो, आणि नातेवाईक ‘लकवा मारला’ म्हणून घाबरतात. ब्लॉक उतरला की हे आपोआप जातं, पण दम वाढत असेल तर लगेच नर्सला सांगा. बधिर हाताला गरम पिशवी लावू नका, भाजलेलं कळणार नाही. आणि वेदनेची गोळी ब्लॉक उतरण्याआधीच सुरू करा. दुखायला लागल्यावर घेऊ म्हणालात तर ती रात्र बसून काढावी लागते.

सुटी घेताना ऑपरेशन नोट मागून घ्या. कोणते पट्टे शिवले, फाट किती सेंटिमीटर होती, बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) काही केलं का, हे त्यात असतं. तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टला ते माहीत नसेल तर तो चुकीचा व्यायाम देऊ शकतो. पुढचा पट्टा शिवलेला असताना हात बाहेर फिरवून ताणला, तर नेमके टाकेच ताणले जातात.

पहिले सहा आठवडे

हात उशी लावलेल्या पट्टीत राहतो, रात्रीसुद्धा. चार ते सहा आठवडे, फाट मोठी असेल तर सर्जन वाढवतात.

झोप हा मोठा त्रास. मध्ये खोलगट झालेल्या बाजेवर झोपू नका, कोपर मागे जातं आणि टाके ओढले जातात. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपा आणि कोपराखाली घडी घातलेली गोधडी ठेवा. खूण सोपी आहे: पडल्या पडल्या आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे.

शर्ट समोरून बटणांचा, बायकांना समोरून उघडणारं ब्लाउज किंवा गाऊन. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. आंघोळीला जरा वाकून हात सैल सोडला की काख धुता येते. मग ती कोरडी करा आणि पट्टीखाली सुती रुमाल ठेवा, नाहीतर घामोळं आणि गजकर्ण ठरलेलं. डाव्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर संडासात धुवायला हात मागे नेता येणार नाही. उजव्या हाताची सवय किंवा जेट स्प्रे, ही सोय आधीच करून ठेवा. कुणी हे सांगत नाही आणि पहिल्याच सकाळी पंचाईत होते.

बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवा. कोपरही हलवायचं, पण बायसेप्सला हात लावलेला असेल तर विचारून. सर्जनने परवानगी दिली की लंबकाचा व्यायाम: चांगल्या हाताने टेबल धरून वाका, दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबता ठेवा आणि अंग डोलवा. हात आपोआप झुलला पाहिजे. स्नायूने फिरवलात तर व्यायाम चुकला. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीनदा.

कातडीवरचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. ताप १०१ च्या वर, जखमेतून पू, वाढती लाली किंवा बोटं निळसर झाली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला तरी तेच.

खरी चूक सहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते

दुखणं थांबतं, पट्टी निघते आणि माणसाला वाटतं झालं. पण पट्टा हाडाला बऱ्यापैकी धरायला साधारण बारा आठवडे लागतात. तोवर तो मुख्यतः दोऱ्यांवर टिकून असतो. या काळात दुधाचा कॅन उचलला, मोटारसायकलला किक मारताना हँडल ओढलं किंवा एसटीत ब्रेक लागल्यावर वरचा दांडा पकडला, की शिवलेलं उसवतं.

या टप्प्यात दुसऱ्या हाताच्या मदतीने, काठीने, दाराच्या चौकटीला अडकवलेल्या पुलीने हात वर न्यायचा. आरशात बघा. हात उचलताना खांदा कानाकडे चढत असेल, तर पट्ट्याचं काम मान करते आहे. तिथेच थांबा, उंची कमी करा. थोडं आखडलेपण या वेळी असतंच, ते पुढच्या महिन्यांत सुटतं. उसवलेला पट्टा मात्र व्यायामाने जुळत नाही.

बारा आठवड्यांनंतर

आता रबरी पट्ट्याचे ताकदीचे व्यायाम, सर्वात हलक्या पट्ट्यापासून, कोपर कमरेला चिकटवून आणि काखेत टॉवेलची गुंडाळी धरून. गाडी या सुमाराला, दोन्ही हातांनी हँडल सहज फिरतं तेव्हाच. कणीक मळणं आणि भाकरी थापणं चौथ्या महिन्यापासून हळूहळू. खापरावरचे मांडे मात्र उशिरा, कारण पीठ दोन्ही हातांवर झुलवताना सगळा ताण याच पट्ट्यावर येतो.

केळीचा वीस-पंचवीस किलोचा घड आणि फवारणी पंप सहा महिन्यांनंतर, सर्जनने ताकद तपासून ‘हो’ म्हटल्यावर. १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो. आधी अर्धाच भरा, कमरेइतक्या उंच ओट्यावर ठेवा, त्याला पाठ लावून दुखऱ्या हातात पंपाचा पट्टा आधी चढवा आणि मग गुडघ्यांनी उभे राहा. जमिनीवरून झोका देऊन पाठीवर घेऊ नका.