जुनी माउंटन बाइक विकताय? आधी क्रँक पुसा

ऐंशी-नव्वदच्या दशकातली माउंटन बाइक विकायची आहे, पण साल माहीत नसल्याने भाव सांगता येत नाही?

1. क्रँकची, म्हणजे पेडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याची, आतली बाजू चिंधीने पुसा. शिमानो या जपानी कंपनीचा पार्ट असेल तर बहुतेक दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतील. पहिलं वर्षाचं: ए म्हणजे 1976, एन म्हणजे 1989. दुसरं महिन्याचं, ए ते एल. (2002 पासून पुन्हा ए, पण एवढा फरक गाडीकडे बघूनही कळतो.) डिरेलरवरही (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) असाच कोड शोधा. सालं जुळली तर पार्ट बहुधा मूळचेच, आणि खरा भाव त्यालाच.

2. ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर फक्त विकल्या गेलेल्या गाड्यांच्या किमती बघा. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

नवा रंग मात्र मारू नका. ओरखडे चालतात, मूळ रंग आणि स्टिकर गेले की शौकीन गिऱ्हाईक फिरकत नाही.