कॅरेक्टरला माहीत नाही पण तुम्हाला माहीत आहे, तेव्हा कसं खेळायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग खेळात टेबलाभोवती बसून प्रत्येकजण आपापल्या कॅरेक्टरच्या वतीने बोलतो आणि वागतो. तिथे नवीन माणूस आला की त्याला पहिला सल्ला हाच मिळतो, कॅरेक्टरला माहीत नसलेलं जे तुला माहीत आहे ते विसर आणि खेळ. अरे कसं विसरणार? समोर बसून सगळं ऐकलंय त्याने. विसरता येत नाही आणि विसरायची गरजही नाही, दुसरंच काहीतरी करायचं असतं. डाइस, शीट (कॅरेक्टरची माहिती लिहायचा कागद), डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) हे सगळं जमलेलं आहे असं धरून चालतो.

शीटच्या मागे तीन ओळी लिहा: कॅरेक्टर कुठे वाढलं, कोणावर विश्वास ठेवतं, कशाला घाबरतं. बस. दहा पानी बॅकस्टोरी कोणी वाचत नाही.

मग बोलायची भाषा वेगळी करा. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांना हे सोपं जातं, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. आमच्याकडे कॅरेक्टर बोलतं ते हिंदीत आणि खेळाडू म्हणून काय ते मराठीत. "मुझे इस सेठ पे भरोसा नहीं" म्हटलं की ते कॅरेक्टर, "हा सेठ आपल्याला फसवणार वाटतं" म्हटलं की तो मी. माझा मावसभाऊ माझ्याहून मोठा, एरवी त्याला दादाच म्हणतो, पण खेळात माझं कॅरेक्टर सरदार आणि तो त्याचा घोडेवाला आहे, तेव्हा "ए, इधर आ" असंच म्हणायचं. सुरुवातीला जीभ अडते, नंतर त्यानेच सगळं सोपं होतं.

आता खरी अवघड जागा, मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. समजा पार्टीतल्या, म्हणजे आपल्या कॅरेक्टरांच्या टोळीतल्या, चोराने खजिन्यातली अंगठी गुपचूप खिशात टाकली, डीएमने ते सगळ्यांसमोर सांगितलं, तुम्ही ऐकलं, पण तुमचा सरदार तेव्हा गुहेच्या तोंडाशी पहाऱ्यावर होता. आता एक प्रकारचा खेळाडू लगेच म्हणतो, "आज मी सगळ्यांच्या पिशव्या तपासतो." हे मेटागेमिंग, म्हणजे खेळाडूला माहीत आहे म्हणून कॅरेक्टरने तसं वागणं, ते सगळ्यांनाच दिसतं. दुसरा प्रकार दिसत नाही आणि तोच जास्त घातक: आपण प्रामाणिक आहोत हे दाखवायला तो मुद्दाम त्याच चोराच्या हातात तिजोरीची किल्ली देतो. लोक त्याला चांगला रोलप्लेअर म्हणतात! मला हे अजिबात पटत नाही. कॅरेक्टरने किल्ली दिली कारण तुम्हाला अंगठीचं माहीत होतं, म्हणजे निर्णय तुमच्याच माहितीने झाला, फक्त उलट्या दिशेने.

त्यावर मी एकच प्रश्न विचारतो: त्या वेळी मी चहा टाकायला आत गेलो असतो आणि अंगठीचं काहीच ऐकलं नसतं, तर आत्ता सरदार काय करणार होता? कॅरेक्टरने शेवटचं काय पाहिलं ते मोठ्याने बोला, "मी बाहेर होतो, हे तिघं हसत बाहेर आले." आणि तिथून पुढे जा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं, तो हिशोब दर वेळी ज्याच्याकडे द्यायचा त्याच्याकडेच देतो. दोन उत्तरं सारखीच खरी वाटली तर सम-विषम ठरवून डाइस टाका. मनातल्या मनात निवडू नका, मन तुमच्या सोयीचंच निवडतं.

ट्रोल नावाच्या राक्षसाचंही तसंच. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं तेव्हापासून ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात आणि आग किंवा अ‍ॅसिड लागलं की ते थांबतं, हे प्रत्येक जुन्या खेळाडूला पाठ आहे. तीन राउंड मुद्दाम तलवार फिरवत बसू नका, डीएमला सरळ विचारा, "डोंगरातल्या गावात वाढलेल्याला हे माहीत असेल का?" तो हो म्हणेल, नाही म्हणेल किंवा रोल करायला सांगेल.

डीएम लोकांनो, प्रत्येक गुपित व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं पाठवू नका. चोरी आपल्या सगळ्यांना माहीत असून बिचारा सरदार त्याच चोराला मिठी मारतो हे बघण्यातच अर्धी मजा आहे.

राहिल्या भावना. ऑफिसचा राग खेळातल्या राजावर निघतो, किंवा खेळातल्या दगाफटक्याने दुसऱ्या दिवशीही खऱ्या मित्रावर मन खट्टू राहतं. एमिली केअर बॉस या गेम डिझायनरने २००७ साली याला ब्लीड असं नाव दिलं. ब्लीड वाईट नसतं, रडू आलं तर येऊ द्या, त्यासाठीच खेळतो आपण. पण "मी नाही, माझं कॅरेक्टरच तसं आहे" म्हणून समोरच्याला खरोखर दुखावणं मी चालू देत नाही, कॅरेक्टर तुम्हीच बनवलंय, त्याला दुसरं काही करायला लावणंही तुमच्याच हातात आहे.

सेशन संपलं की उठायच्या आधी दहा मिनिटं खऱ्या नावाने हाक मारून बोला: कुठे लागलं, काय आवडलं. हे सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन करू म्हणाल तर होत नाही, तिथे भुट्ट्याचा किस समोर आला की बोलणं राहूनच जातं. आणि पुढच्या रविवारपर्यंतही मनातून गेलं नाही तर खेळ सुरू व्हायच्या आधी डीएमला एकट्याला गाठून सांगा, पुढचे एक-दोन सीन त्या कॅरेक्टरसोबत नकोत म्हणून.