पसरट पायाला गमबूट निवडताना

माझा पंजा फावड्यासारखा पसरट. वसमतकडं आमची हळद. रात्री लाईट आली की पाणी द्यायला जायचं, अन् काळ्या रानाच्या चिखलात चप्पल टिकत नाही. पहिला गमबूट मी दोन नंबर मोठा घेतला. रुंदी मिळाली, पण चिखल बूट खाली ओढायचा अन् टाच आत वरखाली घासायची. तिसऱ्या दिवशी लिंबाएवढा फोड.

तेव्हा नंबर वाढवून रुंदी मिळवू नका. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा. मोठ्या पायाचा कागद कापून दुकानात न्या. बुटातला सुटा सोल बाहेर काढून त्यावर तो ठेवा. करंगळीकडं कागद बाहेर आला तर बूट परत द्या. दुकानदार म्हणतो, "वापरून सैल होईल." चामडं होतं हो, प्लास्टिकचा गमबूट नाही होत. रानात घालायचे तेच मोजे घालून दहा मिनिटं चाला, उकिडवे बसा. बसल्यावर वरची कड पोटरीला रुतते का ते कळतं.

मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात. टाचेला आधीच कापडी चिकटपट्टी लावा. (आमच्या घरी खोबरेल चोळतात; तेलावर पट्टी चिकटत नाही, एकच काहीतरी करा.) बूट आतून ओला झाला तर रद्दी कोंबून सावलीत वाळवा. फोड आलाच तर टोचू नका, अन् शुगर असेल तर थेट डॉक्टरकडं जा.