अमिकासिन किंवा जेंटामायसिन सुरू असताना रुग्णाच्या सोबत्याने काय पाहावे

मूत्रमार्गाच्या किंवा रक्तात पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी अमिकासिन अथवा जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली, तर सोबत राहणाऱ्या नातेवाइकाने रुग्णाचे वजन अंदाजाने सांगू नये. ते वॉर्डातच करून घ्यावे. अमिनोग्लायकोसाइड गटातील या औषधांची मात्रा वजनावर ठरते. मूत्रपिंडे चांगली असलेल्या प्रौढाला अमिकासिन साधारणपणे दर किलोमागे १५ मिलिग्रॅम या प्रमाणात, बहुधा दिवसातून एकदाच देतात. रक्तातील पातळी उंच गेली की जंतू वेगाने मरतात, ती उतरल्यावरही त्यांची वाढ काही काळ थांबलेली राहते आणि तेवढ्या अवधीत मूत्रपिंडे औषध बाहेर टाकतात. म्हणून एकच इंजेक्शन पाहून उपचार अपुरे आहेत, असे समजू नये. आतड्यातून ही औषधे जवळजवळ शोषली जात नाहीत, त्यामुळे अशा आजारात गोळ्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

पहिल्या इंजेक्शनपूर्वी मूत्रपिंडाचा जुना विकार, गर्भारपण, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू कमजोर करणारा आजार), तसेच चालू असलेल्या वेदनाशामक व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. आईकडच्या नात्यात कोणाला अशा इंजेक्शनांनंतर बहिरेपण आले असेल, तर तेही आवर्जून सांगावे, कारण ही प्रवणता आईकडून मुलांकडे येऊ शकते.

उपचार चालू असताना क्रिएटिनिनची (मूत्रपिंडे कशी चालतात हे दाखवणारी रक्ताची) तपासणी पुन्हा केव्हा होणार, हे विचारावे आणि लघवी कमी झाल्यास लगेच कळवावे. या औषधांमुळे मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते. मूत्रपिंडाची इजा बहुतेकदा भरून निघते. कानाची मात्र बहुधा कायमची असते, म्हणून माझ्या मते सर्वाधिक लक्ष कानाकडे द्यायला हवे. कानात आवाज येणे, बोललेले पुन्हा विचारावे लागणे, उभे राहताना तोल जाणे, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या इंजेक्शनपूर्वीच डॉक्टरांना सांगावे, अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांची श्रवणशक्ती आधीच घटलेली असू शकते आणि मोठा आवाज या औषधाच्या अपायात भर घालतो. अशा रुग्णाची श्रवणचाचणी सुरुवातीलाच करता येईल का, हे विचारावे आणि औषध थांबल्यावरही काही आठवडे त्याला गोंगाटापासून दूर ठेवावे, कारण ऐकू येणे उपचार संपल्यानंतरही कमी होऊ शकते.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर औषधाचे नाव, मात्रा आणि दिवस लिहून घ्यावेत. पुढे पुन्हा हेच औषध देण्याची वेळ आली, तर डॉक्टर ही नोंद पाहून निर्णय घेऊ शकतील.