प्राणी-मार्गदर्शक शोधायचाय? आधी कावळा नीट बघा

‘तुमचा स्पिरिट ॲनिमल कोणता?’ असल्या ऑनलाइन चाचण्यांमध्ये ज्याला त्याला लांडगा, गरुड नाहीतर घुबड मिळतं. गोगलगाय कुणाच्या वाट्याला येत नाही. विक्का (आधुनिक चेटूक-पंथ), ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारा) किंवा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, देवतांना मानणारा आसात्रू या आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या श्रद्धांवर बेतलेल्या, पंथांत मन लावून साधना करणारे लोक मात्र या कामाला सवडीने लागतात. कसं, ते कावळ्याचं उदाहरण घेऊन पाहू.

१. आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवा

इथे बऱ्याच गोष्टींची सरमिसळ झाली आहे. इंग्लंडमधल्या जुन्या खटल्यांत ‘फॅमिलिअर’ म्हणजे चेटकिणीने पाळलेलं, प्राण्याच्या रूपातलं भूत. १५६६ च्या चेल्म्सफर्डच्या खटल्यात ॲग्नेस वॉटरहाउसवर आरोप होता तो अशाच एका मांजराचा. आज विक्कावाले हाच शब्द घरातल्या लाडक्या बोक्यासाठी वापरतात. आइसलँडच्या कथांतली ‘फिल्ग्या’ माणसाची पाठराखीण असते आणि पुष्कळदा प्राण्याच्या रूपात दिसते. ‘पॉवर ॲनिमल’ची, म्हणजे साधकाला बळ देणाऱ्या प्राणी-आत्म्याची, आजची पद्धत अलीकडची आहे. ॲमेझॉन खोऱ्यातल्या शुआर आणि कोनिबो लोकांत राहिलेले अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकल हार्नर यांनी ती १९८० मध्ये पुस्तकातून लोकांपुढे आणली.

‘टोटेम’ची गोष्ट वेगळी. ते उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या आदिवासी लोकांच्या कुळांचं प्राणी-चिन्ह आहे आणि जन्माने मिळतं. ज्यांच्या घरी लग्नात देवक बसतं त्यांना हे फोडून सांगायला नको. देवक काही आवडीने निवडत नाहीत. तेव्हा टोटेमच्या वाटेला जाऊ नका.

२. जिवंत प्राणी बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रोज दिसेल असा प्राणी निवडा. ब्रिटनमधून लांडगा कित्येक शतकांपूर्वी नाहीसा झाला, तरी तिथल्या शहरी माणसालाही लांडगाच हवा असतो! कावळा खिडकीतून दिसतो. ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं बसा आणि फक्त दिसेल ते वहीत लिहा. ‘गूढ वाटला’ असं लिहायचं नाही. खाऊन झाल्यावर चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी कशी घासली, पोळीचा तुकडा कुठे खुपसला, वर पान सरकवलं का, दुसरा कावळा बघत असेल तर तोच तुकडा पुन्हा काढून दुसरीकडे नेला का, हे लिहा. सिएटलच्या विद्यापीठात मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांत दिसलं, की पकडणाऱ्याचा चेहरा कावळे वर्षानुवर्षं विसरत नाहीत. तेव्हा तुम्ही वही भरत असताना तोही तुम्हाला बघून ठेवतोय, हे गृहीत धरा.

३. मग मूळ कथा वाचा

‘कावळा म्हणजे परिवर्तन’ अशा तयार अर्थांच्या याद्या बाजूला ठेवा. माझ्या मते त्या निम्म्याहून अधिक निरुपयोगी असतात, कारण त्याच याद्यांत फुलपाखरूही परिवर्तन असतं आणि सापही. आयरिश कथेत घायाळ झालेला वीर कू हुलिन उभ्याने मरण यावं म्हणून स्वतःला एका दगडाला बांधून घेतो. तो मेला की नाही हे शत्रूंना कळत नाही. त्याच्या खांद्यावर पक्षी येऊन बसतो तेव्हा कुठे ते पुढे सरसावतात. डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिसात या क्षणाचा ब्राँझचा पुतळा आहे. रणदेवता मॉरिगन कावळ्याच्या रूपात येते हे ठाऊक असलं की तो पक्षी नुसता अपशकुन राहत नाही. जे बोलायला कुणी धजत नाही, ते तो सांगून टाकतो.

नॉर्स काव्यात देवांचा प्रमुख ओडिन याचे दोन डोमकावळे रोज जगभर फिरून येतात: हुगिन म्हणजे विचार आणि मुनिन म्हणजे स्मृती. हुगिन परतेल की नाही याची ओडिनला काळजी वाटते, पण मुनिनची त्याहून जास्त. यावर एक संध्याकाळ घालवा.

आपल्याकडे कावळा पिंडाला शिवतो, दारात ओरडला तर पाहुणे येतात. हे वहीत वेगळ्या पानावर लिहा. मॉरिगनशी त्याची मोट बांधायची घाई नको.

४. डोळे मिटून भेट

हार्नर यांच्या पद्धतीत मिनिटाला साधारण २०५ ते २२० ठोक्यांचा एकसुरी ढोल लागतो. रेकॉर्डिंग चालतं. आडवे व्हा, डोळे झाका. ओळखीचं एखादं बीळ, झाडाची ढोली किंवा विहीर मनात आणा आणि तिथून खाली उतरा. कोण भेटतं ते बघा, त्याला काही करायला लावू नका. ठोक्यांची चाल बदलली की आल्या वाटेने परत फिरा, पाणी प्या आणि लगेच लिहा. पहिल्या खेपेला काही दिसलं नाही तर बिघडत नाही. कावळ्याची वाट बघत असताना बेडूक आला, तर बेडूकच लिहायचा. मन आधीच अस्वस्थ असेल, भास होत असतील किंवा त्यावर उपचार चालू असतील, तर ही पायरी सोडून द्या.

५. शकुन तपासून घ्या

कावळा शहरात दिवसभर दिसतो, त्यामुळे नुसतं दिसणं हा संकेत नव्हे. वहीतल्या नोंदींशी न जुळणारं काही घडलं तरच थांबून विचार करा. नोकरी सोडणं, औषध बंद करणं असले निर्णय कावळ्यावर सोपवू नका.

६. वेदीवर काय ठेवावं

चित्र, मातीची मूर्ती किंवा स्वतः काढलेला फोटो पुरेसा आहे. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे अंगणात सापडलेलं कावळ्याचं पीसही घरी ठेवता येत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. नखं, दात, कातडं काहीही विकत घेऊ नका. ‘हत्था जोडी’ नावाने मुळी म्हणून विकतात ते बहुतेकदा घोरपडीचं जननेंद्रिय असतं.

नैवेद्य द्यायचाच असेल तर बिनमिठाचे शेंगदाणे किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवा, आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपासून जरा लांब.