ऑल-व्हील-ड्राइव्ह इलेक्ट्रिक गाडीचा एकच टायर बदलायचा असेल तर

गगनबावड्याच्या रस्त्यावर खड्ड्याची कड लागून टायरच्या बाजूला फुगा आला, की तो टायर संपला. तेथे पॅच चालत नाही आणि कोणी लावून देतो म्हणाला तरी लावून घेऊ नये. गाडी उचलून न्यावी लागली, तर चारही चाके ट्रकवर चढवूनच न्यावी, कारण ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये चारही चाकांना मोटारी ताकद देतात आणि चाके रस्त्यावर फिरली की मोटारीही फिरतात.

खरा पेच पुढे आहे. दुकानात दोनच उत्तरे मिळतात: ‘एकच टाका, काही होत नाही’ किंवा ‘ऑल-व्हील आहे, चारही बदला’. टायरच्या नक्षीची, म्हणजे खोबणींची, खोली मोजल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर स्वीकारू नये. मी पहिल्या वेळी पहिले उत्तर मानले. साडेचार मिलिमीटर नक्षी उरलेल्या मागच्या टायरच्या जोडीला आठ मिलिमीटरचा नवा टायर बसला आणि शिरोलीच्या पुढे महामार्गावर, भर पावसात, गाडी सरळ चाललेली असतानाही ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकू लागला.

कारण साधे आहे. नक्षीत साडेतीन मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात सुमारे २२ मिलिमीटरचा फरक. २३५/५५ आर १९ मापाचे चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ४३० फेरे घेते, म्हणजे हिशेबाने दोन चाकांत किलोमीटरमागे नऊ मीटरांची तफावत पडते. ती भरून काढायला डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) सरळ रस्त्यावरही सतत काम करावे लागते आणि चाकांच्या वेगाची तुलना करणारी यंत्रणा चाक घसरत असल्याचे समजते.

म्हणून डेप्थ गेजने (खोली मोजायच्या साधनाने) प्रत्येक टायर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खोबणीत, चाक फिरवून तीन ठिकाणी मोजावा. आतली खोबण टाळू नये. अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेल्या माझ्या गाडीत बाहेर पाच मिलिमीटर नक्षी दिसत होती आणि आत जेमतेम तीन. नवा टायर आणि त्याच एक्सलवरचा (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीतला) दुसरा टायर यांच्या नक्षीतला फरक दीड मिलिमीटरच्या आत असेल तर एकच टायर टाकावा, त्याहून जास्त असेल तर जोडी बदलावी. गाडीच्या पुस्तिकेत याहून कडक मर्यादा असेल तर तीच पाळावी. पुढच्या व मागच्या एक्सलला स्वतंत्र मोटारी असतील आणि मध्ये दोन्ही एक्सल जोडणारा शाफ्ट नसेल, तर चारही टायर बदलण्याची गरज सहसा पडत नाही. पुढचे-मागचे माप एकच असेल, तर नवी जोडी मागे बसवावी. ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटणे जास्त धोक्याचे असते.

नवा टायर त्याच मापाचा, त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा घ्यावा आणि त्याचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसावा, कारण बॅटरीमुळे गाडी जड असते. बाजूवरचे टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडेही वाचावेत: ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.

जॅक फक्त ठरवून दिलेल्या ठिकाणीच, रबरी ठोकळा ठेवून लावावा. तळाशी बॅटरी असते, त्यामुळे कामगाराने जॅक सरकवला की मी स्वतः वाकून जागा पाहतो आणि मगच गाडी उचलू देतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. शेवटचा आवळा हवेच्या गनने नव्हे, तर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्यानुसार द्यावा आणि ८०-१०० किलोमीटर चालल्यावर तो पुन्हा तपासावा.