बांधकामाच्या जड यंत्रांसाठी टायर निवडताना

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक यंत्रमालक जुन्या टायरवरचे माप वाचतात, दुकानदाराला फोनवर कळवतात आणि भाव विचारतात. माप जुळले म्हणजे टायर जुळला, हा समज महागात पडतो. बॅकहो लोडरच्या, म्हणजे ज्याला मुंबईत कोणत्याही कंपनीचा असला तरी जेसीबीच म्हणतात त्याच्या, मागच्या चाकाला अनेकदा १६.९-२८ हे माप असते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकालाही हेच माप मिळते. शेतीच्या टायरवरचे रबरी उंचवटे खोल आणि विरळ असतात, कारण त्यांना नांगरलेल्या मऊ मातीत रुतून पकड घ्यायची असते. तोच टायर डांबरावर आणि खडीवर धावू लागला की उंचवटे वाकतात, तापतात आणि झपाट्याने झिजतात. बांधकामासाठी घडवलेल्या ‘आर-४’ प्रकारात ते बुटके आणि रुंद असतात. स्वस्त पडतो म्हणून शेतीचा जोड मीही एकदा बसवला होता. वाचलेले पैसे पुढचा जोड वेळेआधी घेण्यात गेले.

म्हणून पहिला प्रश्न यंत्राविषयी न विचारता जमिनीविषयी विचारावा. मुंबईत ही जमीन दर दोन-चार किलोमीटरवर बदलते. पाया खोदताना काळा बसाल्ट लागतो आणि तो फुटला की सुरीसारख्या धारेचे तुकडे पडतात. भराव घातलेल्या किनारपट्टीत खाली चिकट सागरी गाळ असतो. आणि जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात तिथे डेब्रिज असते, ज्यात विटांपेक्षा धोकादायक असतात त्या तुटलेल्या, वर टोके काढून बसलेल्या सळया. माझ्या मते या तिन्हींत डेब्रिजच टायरचा खरा शत्रू आहे, कारण दगड बहुधा टायरचा तळ कापतो, तर सळई बाजूची भिंत फाडते आणि बाजूची मोठी फाट सहसा भरवशाने दुरुस्त होत नाही.

लोडरच्या टायरवर ‘एल’ आणि एक आकडा छापलेला असतो. एल-२ ची नक्षी मोकळी असल्याने चिखल झटकला जातो, म्हणून भरावाच्या आणि पावसाळी कामाला तो बरा. एल-३ दगडी जमिनीसाठी असतो. एल-४ मध्ये तळाच्या रबराची खोली नेहमीच्या सुमारे दीडपट आणि एल-५ मध्ये अडीचपट असते, त्यामुळे खाणीत किंवा फोडलेल्या दगडावर दिवसभर बादली भरणाऱ्या लोडरला तेच परवडतात. डंपरसाठी ‘ई’ आणि जमीन सपाट करणाऱ्या ग्रेडरसाठी ‘जी’ ही अक्षरे वापरतात.

मग सगळीकडे जाड रबराचाच टायर का घेऊ नये? कारण जाड रबर उष्णता धरून ठेवते. काप सोसणारे रबर एरवीही अधिक तापते, तर उष्णता सोसणारे रबर कापाला काहीसे नरम असते. एकाच टायरात दोन्ही गुण पुरेपूर मिळत नाहीत. एल-५ बसवलेला लोडर एकाच ढिगाजवळ मागे-पुढे करत असेल तर चिंता नाही, पण तोच लांब पल्ल्यावर वेगाने माल वाहू लागला तर टायर आतून भाजतो आणि थर सुटतात. डंपरच्या बाबतीत याचा हिशेब करता येतो: टायरवरील रिकामा व भरलेला भार यांची सरासरी टनांत काढावी आणि तिला दिवसभराच्या सरासरी वेगाने गुणावे. रिकाम्या फेरीत ३ टन, भरलेल्या फेरीत ६ टन आणि वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर ४.५ गुणिले १५ म्हणजे ६७.५ येते. टायर कंपनीने दिलेला टीकेपीएच (टन-किलोमीटर प्रति तास) हा आकडा याहून जास्त असला पाहिजे. मुलुंडहून वडाळ्याला ट्रेलरचे भाडे वाचवायला द्रुतगती महामार्गावरून यंत्र स्वतःच्या चाकांवर नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

मापातली आडवी रेघ म्हणजे बायस (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे) आणि ‘आर’ म्हणजे रेडियल (धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे): २३.५-२५ आणि २३.५आर२५ एकाच रुंदीचे आणि रिमचे असले तरी घडण वेगळी. रेडियल थंड चालतो आणि जास्त तास देतो, पण त्याची बाजूची भिंत लवचिक असते. डेब्रिजमध्ये मी अजूनही स्वस्त आणि दणकट बायसच्या बाजूने आहे. एकाच धुरीवर दोन्ही प्रकार मिसळू नयेत. चारही चाके ओढणाऱ्या यंत्रात एक जोडी नवी आणि एक अगदी गोटा झालेली ठेवली, तर घेरातल्या फरकाचा ताण गिअर आणि धुरीवर येतो. प्लाय रेटिंग हा ताकदीचा निर्देशांक आहे, आत तेवढेच थर असतात असे नाही. भाराचा आकडा मात्र कंपनीच्या तक्त्यातून, आपल्या वेगासमोरचा पाहावा.

दुकानात टायरच्या बाजूवरचे चार अंकी आठवडा-साल पाहून घ्यावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रिसोल केलेला, म्हणजे जुन्या टायरवर नवे रबर चढवलेला, टायर डंपरला चालतो, पण आतल्या सांगाड्याला जुना फुगा किंवा काप नसेल तरच.

हवा सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी मोजावी. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नये, कारण थंड झाल्यावर तो कमी हवेवर चालू लागतो. रिंग असलेल्या रिमवर हवा भरताना उडालेली रिंग अडवणारा लोखंडी पिंजरा वापरावा आणि समोर कोणी उभे राहू नये. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग तर कधीही करू देऊ नये; हवा काढली असली तरी आतले रबर तापून त्यातून सुटणाऱ्या वायूंचा स्फोट होऊ शकतो.